मूल मागे पडते आहे असे वाटले, तर काय करावे?

नऊ महिन्यांचे बाळ आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षाचे मूल हाक मारली तरी वळून पाहत नाही, किंवा दोन वर्षांचे होऊनही 'आई, पाणी' असे दोन शब्द जोडत नाही, अशी शंका आईने बोलून दाखवली की घरातून हमखास उत्तर येते : 'अगं, याचे बाबाही चार वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते.' त्या उत्तरात माया असते आणि कधीकधी तथ्यही असते. परंतु त्याच्या भरवशावर जे सहा-आठ महिने निघून जातात, ते मेंदूच्या वाढीच्या दृष्टीने फार मोलाचे असतात. ज्या पालकांना अशी शंका नुकतीच आली आहे आणि सुरुवात कुठून करावी हे कळत नाही, त्यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे. त्यातील व्यवस्थेचे तपशील मुख्यतः महाराष्ट्रातील आहेत.

जन्मापासून सहा वर्षांपर्यंत, आणि त्यातही पहिल्या तीन वर्षांत, मुलाच्या हालचाली, बोलणे, समज, ऐकणे, पाहणे आणि इतरांत मिसळणे यांना जी नियोजनबद्ध मदत दिली जाते, तिला शीघ्र हस्तक्षेप म्हणतात. तिच्यात थेरपी असते, वैद्यकीय उपचार असतात, श्रवणयंत्रासारखी साधने असतात आणि पालकांचे प्रशिक्षणही असते. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. ही मदत सुरू करण्यासाठी आजाराचे नाव कळावे लागत नाही. मूल बसत नसेल, तर ते का बसत नाही याचा शोध आणि त्याला बसायला शिकवणे ही दोन्ही कामे एकाच आठवड्यात सुरू होऊ शकतात. निदान झाल्यावर पाहू, असे म्हणून थांबणे हाच या सगळ्या प्रवासातील सर्वांत महागडा निर्णय ठरतो.

पहिली पायरी : शंका कागदावर उतरवा

'तो थोडा स्लो आहे' असे डॉक्टरांना सांगून फारसे हाती लागत नाही. मूल काय करते, काय करत नाही आणि पूर्वी करत असलेले काही आता करेनासे झाले आहे का, हे लिहून काढावे. सरकारी दवाखान्यात गरोदरपणी मिळालेले माता व बाल संरक्षण कार्ड बहुतेक घरांत लसीकरणाच्या तारखा पाहण्यापुरतेच उघडले जाते. त्याच कार्डात कोणत्या वयात मुलाने काय करावे याची चित्रे आहेत आणि कोणत्या लक्षणांवर दवाखाना गाठावा हेही दिलेले आहे.

मुले वेगवेगळ्या गतीने वाढतात हे खरे आहे, मात्र त्या फरकालाही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी मुले आधाराशिवाय बसू लागण्याचा काळ ३.८ ते ९.२ महिने आणि एकट्याने चालू लागण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने असा आढळला. म्हणजे अकराव्या महिन्यात चालणारे आणि सोळाव्या महिन्यात चालणारे, दोन्ही मुले ठीकच असतात. अठरा महिने उलटूनही जे चालत नाही, त्याची तपासणी मात्र झालीच पाहिजे. त्याचप्रमाणे चार महिन्यांपर्यंत मान न धरणे, वर्षाचे झाल्यावरही बोट दाखवून काही न दाखवणे किंवा न मागणे, सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नसणे आणि दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द न जोडणे, या खुणा दुर्लक्ष करण्यासारख्या नाहीत. शरीराची एकच बाजू वापरणाऱ्या बाळाबद्दलही हेच म्हणता येईल. आठ महिन्यांचे मूल प्रत्येक वस्तू उजव्या हातानेच घेत असेल, तर ते 'उजवे' असल्याचे कौतुक करण्याऐवजी डावा हात तपासून घ्यावा, कारण हाताची पसंती इतक्या लवकर ठरत नसते. आणि येत असलेले शब्द किंवा हालचाली गमावणाऱ्या मुलासाठी, त्याचे वय कितीही असो, एक दिवसही थांबू नये.

बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर वयाचा हिशेब वेगळा होतो. आठ आठवडे आधी जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे असताना त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा ठेवावी. डॉक्टर याला 'करेक्टेड एज' म्हणतात आणि साधारण दोन वर्षांपर्यंत हाच हिशेब धरला जातो. लसीकरण मात्र जन्मतारखेप्रमाणेच होते. येथे पुष्कळांचा गोंधळ उडतो.

लेखी नोंदीइतकेच उपयोगी पडतात ते मोबाइलवर काढलेले दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ. एक जेवताना, एक खेळताना, एक दुसऱ्या मुलांबरोबर असताना आणि एक, जी गोष्ट तुम्हाला खटकते ती घडत असताना. ओपीडीच्या गर्दीत मूल रडते, आईला बिलगते किंवा नेमके त्या दिवशी उत्तम वागते आणि मग खरे चित्र डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही.

दुसरी पायरी : योग्य दारापर्यंत पोहोचा

खेड्यात किंवा लहान गावात पहिले दार अंगणवाडीचे किंवा आशाताईंचे असते. आशाताई नवजात बाळासाठी घरी येतात, तशाच त्या पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही येणे अपेक्षित आहे. त्या भेटीत वजनाबरोबर विकासाचा विषय आपण होऊन काढावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, ज्याला सगळे 'आरबीएसके' म्हणून ओळखतात, फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन मुले तपासते. पथकात डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असतात. जन्मजात व्यंगे, कमतरतेचे आजार, बालपणीचे आजार आणि विकासातील विलंब असे चार गट ते पाहते. पथक कधी येणार आहे हे अंगणवाडीताईंना विचारून ठेवावे आणि त्या दिवशी मुलाला नक्की न्यावे. दिवसभरात असंख्य मुले पाहणाऱ्या पथकाच्या हातात तुमची चार ओळींची नोंद आणि एक व्हिडिओ असला, तर तपासणीला दिशा मिळते.

पथकाने चिठ्ठी दिली की मूल जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीत जाते. तेथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, श्रवण व वाचा तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, नेत्रतपासनीस, विशेष शिक्षक, दंतवैद्य आणि समाजसेवक एका छताखाली असावेत अशी रचना आहे. प्रत्यक्षात प्रत्येक जिल्ह्यात प्रत्येक पद भरलेले असतेच असे नाही. म्हणून निघण्यापूर्वी फोन करून, ज्यांना भेटायचे आहे ते कोणत्या वारी असतात हे विचारावे. एसटीने तीन तास येऊन 'स्पीचच्या मॅडम गुरुवारी असतात' हे ऐकण्यापेक्षा तो एक फोन बरा. पथकाची चिठ्ठी नसली, तरी जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून बालरोग विभागामार्फत तेथे जाता येते.

मुंबईत वांद्रे रिक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत (वाचा व श्रवणदोषांसाठीची केंद्र सरकारची संस्था) जून २०२१ पासून सर्व प्रकारच्या अक्षमतांसाठी एकत्रित शीघ्र हस्तक्षेप केंद्र आहे. मोठ्या शहरांतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या बालरोग विभागांतूनही बालविकासाची ओपीडी चालते. खाजगी बालरोगतज्ज्ञांकडे जाणाऱ्यांनी सर्दी-खोकल्याच्या भेटीत जाता जाता हा विषय काढू नये, त्यासाठी स्वतंत्र वेळ मागावा.

डॉक्टर 'थोडी वाट पाहू' म्हणाले, तर वाद घालू नये, पण तीन प्रश्न विचारावेत : नेमकी कशाची वाट पाहायची, किती आठवडे, आणि तोवर घरी काय करायचे? या प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर ती वाट पाहणे म्हणजे देखरेख असते. उत्तरे मिळाली नाहीत, तर दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घेण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

तिसरी पायरी : कान, डोळे आणि रक्त आधी

मूल बोलत नाही म्हणून थेट स्पीच थेरपी सुरू करण्याआधी त्याला ऐकू येते का, हे यंत्राने तपासलेच पाहिजे. घरी पाठीमागे ताट वाजवून घेतलेली परीक्षा फसवी असते. मुलाला हवेचा झोत, जमिनीचा कंप किंवा भिंतीवरची सावली कळते आणि ते वळते. शिवाय ज्याला मोठे, जाड आवाज ऐकू येतात पण 'स', 'श'सारखे बारीक आवाज येत नाहीत, ते मूल दार आपटले की दचकते आणि बोलणे मात्र शिकू शकत नाही. ओएई ही कानात छोटी नळी ठेवून आतील कानाचा प्रतिसाद मोजणारी तपासणी काही मिनिटांत होते. बाळ अतिदक्षता कक्षात राहिले असेल किंवा त्याला तीव्र कावीळ झाली असेल, तर ओएई ठीक आली तरी बेरा, म्हणजे आवाज नसेतून मेंदूपर्यंत पोहोचतो का हे पाहणारी तपासणी, करून घ्यावी, कारण कानाच्या आतील यंत्रणा चांगली असूनही नसेतील दोष पहिल्या तपासणीत सुटू शकतो. बेराच्या वेळी मूल झोपलेले असावे लागते. त्यासाठी आदल्या रात्री त्याला उशिरा झोपवून सकाळी लवकर उठवावे आणि वाटेत गाडीत झोपू देऊ नये. नाहीतर औषध देऊनही मूल टक्क जागे राहते आणि पुढची तारीख घ्यावी लागते. श्रवणदोषाबाबत जगभर पाळला जाणारा संकेत असा आहे : पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचारांना सुरुवात. हे वय उलटून गेले असेल, तर तपासणी आजच्या आजच ठरवावी.

३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलाची तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हावी लागते. अगदी लहान बाळांची त्याही आधी होते. ही मुदत चुकली तर टाळता येण्याजोगे अंधत्व येऊ शकते. थायरॉइडचेही तसेच आहे. जन्मजात थायरॉइडची कमतरता पहिल्या काही आठवड्यांत ओळखून रोज एक स्वस्त गोळी सुरू केली, तर बौद्धिक हानी बहुतांशी टळते. रक्तक्षयाची (ॲनिमियाची) तपासणीही याच वेळी उरकावी.

चौथी पायरी : मूल्यमापन समजून घ्या

यानंतर मुलाचे विकासात्मक मूल्यमापन होते. भारतात त्यासाठी डॅसी ही मापनश्रेणी पुष्कळ ठिकाणी वापरतात. प्रमिला फाटक यांनी बडोद्यातील मुलांच्या दीर्घ अभ्यासातून ती आपल्याकडील बाळांसाठी प्रमाणित केली. तिच्यात हालचालींच्या ६७ आणि मानसिक विकासाच्या १६३ कृती आहेत. टेबलावर ठोकळे, पेला, घंटा, दोरीला बांधलेले कडे अशा साध्या वस्तू येतात आणि तज्ज्ञ पाहत राहतात : बाळ ठोकळा पंज्याने ओढते की अंगठा व बोटांनी उचलते, दुसरा ठोकळा दिल्यावर पहिला टाकून देते की दोन्ही धरून ठेवते, कडे पडल्यावर खाली वाकून शोधते की विसरून जाते. पाहणाऱ्याला हा नुसता खेळ वाटतो, पण प्रत्येक कृतीमागे वयाचा एक टप्पा असतो.

मुलाला पोटभर खाऊ घालून, त्याची झोप पूर्ण झाल्यावर न्यावे. आदल्या दिवशी ठोकळ्यांची तालीम करून घेऊ नये आणि मूल चुकले तर त्याला खुणा करू नयेत, कारण आपली मदत अहवालात मुलाची क्षमता म्हणून नोंदली जाते आणि पुढची योजना चुकते. शेवटी एक आकडा हाती येतो, विकासांक. त्या आकड्याने पालक फार हबकतात. दोन वर्षांच्या मुलाचा विकासांक हे त्याचे भविष्य नसते. त्या दिवशी ते कुठे उभे आहे आणि कोणत्या अंगाला जास्त मदत लागेल, एवढेच तो सांगतो. अहवाल लेखी घ्यावा आणि निघण्यापूर्वी त्याचा अर्थ मराठीत समजावून मागावा. स्वमग्नतेची (ऑटिझमची) शंका असेल, तर सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी वीस प्रश्नांची एम-चॅट ही प्रश्नावली आधी भरून घेतली जाते. ती चाळणी आहे, निदान नव्हे.

पाचवी पायरी : योजना आणि माणसे

चांगली योजना घरात दिसणाऱ्या शब्दांत लिहिलेली असते. 'भाषाविकास साधणे' हे उद्दिष्ट कोणालाच मोजता येत नाही. 'तीन महिन्यांत मूल पाणी हवे असताना पेल्याकडे बोट दाखवेल' हे आजीलाही मोजता येते. अशी तीन-चार उद्दिष्टे पुरेशी होतात. आठवड्यातून किती वेळा यायचे, थेरपिस्ट काय करणार, घरी काय करायचे आणि पुन्हा तपासणी कधी, हे लिहून घ्यावे.

खाजगी केंद्र निवडताना नोंदणी क्रमांक विचारावा. वाचा व श्रवणतज्ज्ञ, विशेष शिक्षक आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तर फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांची महाराष्ट्रातील त्यांच्या स्वतंत्र राज्य परिषदेकडे. दुसरी कसोटी माझ्या मते नोंदणीपेक्षाही महत्त्वाची आहे : तुम्हाला थेरपीच्या खोलीत बसू देतात का? दार बंद करून पाऊण तासाने मूल परत देणारे आणि काय केले हे न सांगणारे केंद्र कितीही चकचकीत असले, तरी टाळावे.

स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींत येणारा दोष) बरी करून देण्याच्या जाहिराती याच सुमारास मोबाइलवर दिसू लागतात. मूलपेशींच्या (स्टेम सेलच्या) उपचाराबाबत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत : रक्ताच्या काही आजारांपलीकडे हा उपचार नेहमीच्या उपचारांत मोडत नाही, तो मान्यताप्राप्त संशोधनापुरताच करता येतो, आणि संशोधनात सहभागी होणाऱ्याकडून पैसे घेणे अपेक्षित नाही. दागिने गहाण टाकण्यापूर्वी एवढे वाक्य लक्षात ठेवावे.

सहावी पायरी : घरचा दिवस

थेरपी आठवड्यातून दोन-तीन तास होते. उरलेला सगळा वेळ मूल घरी असते, आणि खरे शिकणे आंघोळ, जेवण, कपडे आणि खेळ यांतच होते. त्यासाठी वेगळा 'थेरपीचा तास' काढायचा अट्टाहास सोडलेला बरा. स्वयंपाक, नोकरी आणि दुसरे मूल सांभाळणाऱ्या आईकडून तो निभत नाही आणि मग उगीच अपराधीपणा येतो.

न बोलणाऱ्या मुलाचे उदाहरण घेऊ. घरातल्यांना त्याच्या नजरेवरून सगळे कळते, म्हणून त्याने मागण्यापूर्वीच वस्तू हातात येते आणि बोलण्याची गरजच उरत नाही. अशा वेळी त्याच्या आवडीचे चुरमुरे घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात, त्याच्या नजरेसमोर ठेवावेत. ते डबा घेऊन आले की लगेच उघडू नये. त्याच्या उंचीला बसून, चेहऱ्याकडे पाहत, मनात दहापर्यंत मोजावे. या दहा आकड्यांत मोठ्या माणसांचाच धीर सुटतो. मुलाने नजर वर केली, डबा पुढे ढकलला, 'अं' केले, काहीही केले, तरी ते मागणे समजून 'उघड!' असे स्पष्ट म्हणत डबा उघडावा आणि चारच चुरमुरे द्यावेत, म्हणजे पुन्हा मागण्याची संधी येते. 'आधी उघड म्हण, मग देते' असा हट्ट धरू नये, त्यातून शब्द येत नाही, रडणे येते.

हातपाय ताठ असणाऱ्या मुलाला कपडे घालताना ताठ हात आधी बाहीत घालावा आणि काढताना तो शेवटी काढावा. पाय कात्रीसारखे एकमेकांवर येत असतील, तर मुलाला दोन्ही हातांवर आडवे झेलण्यापेक्षा आपल्या आज्या घेतात तसे कडेवर, पाय फाकवून बसवावे. बसता न येणाऱ्या मुलाला दोन भिंतींच्या कोपऱ्यात उशांचा आधार देऊन समोर पाटावर खेळणी मांडता येतात. हे सगळे आपल्या मुलाला लागू आहे का, हे मात्र फिजिओथेरपिस्टना एकदा करून दाखवून घ्यावे. मूल ज्यात बसून पायाने घसरत जाते, तो चाकांचा वॉकर घरी असेल तर काढून टाकावा. त्याने चालणे लवकर येत नाही आणि अपघात मात्र होतात, म्हणूनच कॅनडाने २००४ साली त्यावर बंदी घातली. उभे राहून ढकलायचा लाकडी पांगुळगाडा ही निराळी गोष्ट आहे.

भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०२१ साली दिलेल्या सल्ल्यानुसार दोन वर्षांपर्यंत नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल वगळता पडदा नसावा, आणि दोन ते पाच वर्षांपर्यंत तो दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावा. मोबाइल दाखवून भरवण्याची सवय एकदम मोडत नाही, रोजचे एक जेवण त्याविना करण्यापासून सुरुवात करावी.

बोलायला उशीर झाला की 'घरी एकच भाषा बोला, इंग्रजीच बोला' असा सल्ला पुण्या-बंगळुरूपासून न्यू जर्सीपर्यंत मिळतो. दोन भाषा ऐकल्याने विकासात विलंब होत नाही. ज्या भाषेत आईला सहज बोलता, गाता आणि रागावता येते, ती सोडून मोडक्यातोडक्या दुसऱ्या भाषेत मुलाशी बोलण्याने त्याला मिळणारी भाषाच कमी होते. अमेरिकेत असणाऱ्या मराठी कुटुंबांनी हेही जाणावे की तेथे तीन वर्षांखालील मुलाच्या मूल्यमापनासाठी पालक स्वतः थेट अर्ज करू शकतात आणि ते मूल्यमापन विनामूल्य असते.

सातवी पायरी : कागदपत्रे

दिव्यांग प्रमाणपत्राच्या कल्पनेने अनेक घरांत शांतता पसरते. 'शिक्का बसेल' ही भीती समजण्यासारखी आहे, परंतु प्रमाणपत्र शाळेच्या फळ्यावर लावत नाहीत, ते फाइलमध्ये राहते आणि हवे तेव्हाच काढायचे असते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार २१ प्रकारच्या अक्षमता मान्य आहेत. बौद्धिक विकासाच्या बाबतीत एक वर्ष पूर्ण झाल्यापासून पाच वर्षांपर्यंत 'सर्वांगीण विकासात्मक विलंब' अशी नोंद होते आणि बौद्धिक अक्षमतेचे निदान पाच वर्षांनंतरच लिहिले जाते. लहान मुलांना बहुधा ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र मिळते. त्याची संपण्याची तारीख दिनदर्शिकेवर आधीच लिहून ठेवावी. अर्ज स्वावलंबन या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर करायचा असतो आणि त्यातूनच यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे देशभर चालणारे ओळखपत्र, मिळते.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय ही आरोग्यविमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, आधीपासूनचा आजार आड येत नाही आणि थेरपीच्या खर्चाचाही काही भाग परत मिळतो. त्यासाठी थेरपीच्या प्रत्येक पावतीवर मुलाचे नाव आणि तारीख असल्याची खात्री करावी. नोकरदार पालकांना जुन्या करप्रणालीत, आपल्यावर अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठीची प्राप्तिकरातील वजावटही घेता येते.

आठवी पायरी : अंगणवाडी, बालवाडी आणि पुढचा आढावा

तीन वर्षांचे मूल बोलत नाही किंवा चालत नाही म्हणून त्याला घरी ठेवू नये. दिव्यांग बालकांसाठीचा अंगणवाडी प्रोटोकॉल केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केला असून विलंबाची लक्षणे ओळखणे, मुलाला इतरांबरोबर सामावून घेणे आणि पुढील उपचारांसाठी पाठवणे ही कामे त्यात अंगणवाडीकडे आहेत. प्रवेशाच्या वेळी ताईंना निदानाचा कागद देण्यापेक्षा एक पान लिहून द्यावे : मूल काय समजते, शू लागल्यावर कोणती खूण करते, कशाला घाबरते आणि रडले तर कशाने शांत होते. सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क २०१६च्या कायद्याच्या कलम ३१ने दिला आहे, तेव्हा पाचवे वर्ष सरत आले की शाळेचे आणि तालुक्याच्या समग्र शिक्षा (सरकारी शालेय शिक्षण योजना) विभागातील विशेष शिक्षकांचे दार ठोठावावे.

दर तीन महिन्यांनी योजनेतील उद्दिष्टे उघडून पाहावीत. एखादे साध्य झाले असेल, तर त्याच्या पुढचे घ्यावे. दोन आढावे उलटूनही काहीच हलले नसेल, तर मुलाला दोष न देता उद्दिष्ट फार मोठे होते का, कान-डोळ्यांची तपासणी पुन्हा हवी का, फिट्स येत आहेत का आणि थेरपीची पद्धत बदलावी का, हे चार प्रश्न त्याच क्रमाने तज्ज्ञांसमोर ठेवावेत आणि मिळालेली उत्तरे तारखेसह फाइलमध्ये लावावीत.